किल्ली, भीड आणि कलम ३२

जुनी मोटार विकताना पैसे आधी की किल्ली आधी, या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्याने १९३० सालीच देऊन ठेवले आहे, आणि ते इतक्या निर्विकारपणे दिले आहे की कायदा लिहिणाऱ्यांवर मोटार विकण्याची वेळ कधी आली नसावी अशी शंका येते. माल विक्री अधिनियमाच्या कलम ३२ नुसार, उभयपक्षी वेगळे काही ठरलेले नसेल तर मालाचा ताबा देणे आणि किंमत चुकती करणे या समवर्ती, म्हणजे एकाच वेळी पार पाडायच्या अटी असतात. विक्रेत्याने एका हाताने किल्ली पुढे करावी, खरेदीदाराने एका हाताने किंमत पुढे करावी आणि दोघांनी आपापल्या मोकळ्या हाताने समोरची वस्तू उचलावी, असे हे चार हातांचे सुबक चित्र आहे. प्रत्यक्षात मात्र कोणता तरी एक हात आधी पुढे होतो, आणि तो आणि दुसरा हात यांच्यामध्ये जो वेळ जातो, त्याच वेळात या व्यवहारातले सगळे नुकसान, सगळी फसवणूक आणि सगळा चहा घडतो.

हा मधला वेळ महाराष्ट्रात ज्या गोष्टीने भरून निघतो तिची व्याख्या कोणत्याही अधिनियमात नाही. तिला भीड म्हणतात. भीड म्हणजे भीती नव्हे, लाज नव्हे आणि आदरही नव्हे, जरी तिन्हींचा थोडा थोडा अंश तिच्यात असला तरी; समोरच्याच्या मनात आपल्याविषयी वाकडा विचार येऊ नये एवढ्यासाठी स्वतःचे नुकसान सोसण्याची जी तयारी, तिला भीड म्हणावे. भीड ही भिकेची बहीण आहे हे नाते भाषेने फार पूर्वी नोंदवून ठेवले, परंतु मोटार विकण्याच्या दिवशी या दोघी बहिणी एकाच घरी मुक्कामाला येतात ही माहिती नोंदवायची राहून गेली. पैसे सुरक्षितपणे घेण्याचे मार्ग आज मुबलक आहेत आणि त्यांपैकी बहुतेक फुकट आहेत. तरीही चारचौघांत अब्रूने वागणारा विक्रेता बुडतो, कारण यांपैकी प्रत्येक मार्गावर कोठे ना कोठे समोरच्याला, "जरा थांबा, मी खात्री करून घेतो," हे वाक्य ऐकवावे लागते, आणि नेमके तेच वाक्य त्याच्या तोंडून फुटत नाही.

अर्थशास्त्राने या बाजाराकडे लक्ष दिले नाही असे म्हणता येणार नाही. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. गाडीतली खोड विक्रेत्याला ठाऊक असते आणि खरेदीदाराला नसते, या माहितीच्या विषमतेतून अख्खा बाजार कसा नासतो हे त्यात दाखवले होते, आणि त्या दिशेच्या कामाबद्दल २००१ साली त्याला इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. हा निबंध लिहिण्याच्या सुमारास तो एक वर्ष दिल्लीत राहून गेला होता आणि निबंधात भारतीय सावकारांचाही उल्लेख आहे. तथापि त्याचे सारे लक्ष खरेदीदाराच्या भीतीवर आहे. गाडी खरोखर चांगली आहे, विक्रेता सज्जन आहे, आणि माहितीची सगळी विषमता खरेदीदाराच्या खिशात आहे, या उलट्या स्थितीला अद्याप कोणी पारितोषिक दिलेले नाही.

ही स्थिती उद्भवते ती विक्रेत्याने दलालाला टाळल्यामुळे. जुन्या गाड्यांचा व्यापारी जी किंमत सांगतो ती ऐकून विक्रेत्याला स्वतःचाच अपमान झाल्यासारखे वाटते, मग शेजारी "घरगुती गिऱ्हाईक बघा" असा सल्ला देतात, आणि जाहिरात निघते. या जाहिरातीचे एक स्वतंत्र वाङ्मय आहे. गाडी नेहमी एकहाती वापरलेली असते. ती शक्यतो डॉक्टरांची असते, ते नच जमल्यास निवृत्त मुख्याध्यापकांची असते. आणि ती केवळ भाजी आणायला व वर्षातून एकदा कुलदैवताला नेलेली असते. ज्या विक्रेत्याने टायरची झीज, रंगाचा टवका आणि काचेवरचा ओरखडा यांविषयी एवढी वाक्चातुर्याची साधना केलेली असते, तो पैसे कसे घेणार याविषयी मात्र "ते काय, होईल की" याहून अधिक विचार करत नाही.

पैसे घेण्याचा सर्वांत जुना मार्ग रोखीचा, आणि उधारीचे पोते सव्वा हात रिते असते हे ऐकत वाढलेल्या समाजाला तोच सर्वांत भरवशाचा वाटतो. परंतु आयकर कायद्यात १ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या कलम २६९ एसटीने (यातल्या एसटीचा लाल डब्याशी संबंध नाही) दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, रोखीने घेण्यावर बंदी घातली, आणि तिचा भंग केल्यास जेवढी रक्कम घेतली तेवढाच दंड ठेवला. या दंडाची खुबी अशी की तो देणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला होतो. म्हणजे सव्वाचार लाखांच्या गाडीचे सव्वाचार लाख रोख मोजून घेणारा विक्रेता गाडीही घालवतो आणि तेवढ्याच दंडाला पात्रही होतो. यावर आज एक लाख नव्याण्णव हजार, परवा एक लाख नव्याण्णव हजार आणि उरलेले सवडीने अशी तोड सुचवणारा एक जाणकार प्रत्येक सोसायटीत असतो. व्यवहार एकच असल्यामुळे हप्ते पाडून कायद्याला चकवता येत नाही, हे त्याला कोणी सांगत नाही, कारण तो जाणकार असतो.

मर्यादेत बसणारी रोख रक्कमही सरळ नसते. पाचशेच्या नोटांत दोन लाखांच्या जरा आतली रक्कम म्हणजे जेमतेम चार गड्ड्या, पण गड्डीवरचा कागदी पट्टा पाहून ती शंभर नोटांची आहे असे मानणे हा निव्वळ भक्तिमार्ग होय. नोटा मोजाव्यात, त्या खऱ्या आहेत की नाहीत हे पाहावे, आणि हे दोन्ही खरेदीदारासमोर करावे, यात वास्तविक अवघड असे काहीच नाही. पण समोरचा माणूस पोहे खात असताना त्याच्या नोटा उजेडात धरून पाहणे घरातल्या कोणालाच प्रशस्त वाटत नाही. म्हणून ज्याला हे जमत नसेल त्याने खरेदीदाराला आपल्या बँकेच्या शाखेत न्यावे आणि रक्कम तेथल्या खिडकीवर थेट आपल्या खात्यात भरायला लावावी. तेथे नोटा यंत्र मोजते, खोटेपणा यंत्र हुडकते आणि संशय घेण्याचे पातक रोखपालाच्या माथी जाते, जो त्यासाठीच पगार घेत असतो.

धनादेशाची गोष्ट याहून करुण आहे. धनादेशाचे पैसे मिळणे याला मराठीत वटणे म्हणतात आणि झाड वाळून जाणे याला वठणे म्हणतात. या दोन क्रियापदांत एका महाप्राणाचे अंतर असून, धनादेश वटला नाही म्हणजे विक्रेता वठतो, असा त्यांचा व्यावहारिक संबंध सांगता येईल. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात १ एप्रिल १९८९ पासून लागू झालेल्या कलम १३८ ने धनादेश न वटणे हा गुन्हा ठरवला आणि त्याला आज दोन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. ही तरतूद ऐकून विक्रेत्याला जो धीर येतो तो वेळापत्रक ऐकेपर्यंतच टिकतो. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवायची, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस द्यायचे, ते उलटल्यावर एका महिन्यात न्यायालयात तक्रार करायची, आणि त्यानंतर न्यायालयाच्या तारखा सुरू होतात. त्या काळात गाडी कोणाच्या तरी वरातीत पुढे चालत असते.

माल विक्री अधिनियमाची या बाबतीतली दृष्टी मात्र सूक्ष्म आहे. ज्याने धनादेश घेतला आणि तो वटला नाही, त्याला हा अधिनियम 'किंमत न मिळालेला विक्रेता' मानतो आणि किंमत मिळेपर्यंत माल अडवून धरण्याचा हक्क, ज्याला धारणाधिकार म्हणतात, त्याला देतो. अट एवढीच की माल त्याच्या ताब्यात हवा. खरेदीदाराने तो रीतसर ताब्यात घेतला की हा हक्क संपतो. म्हणजे शनिवारी संध्याकाळी धनादेश घेऊन, पेढा देऊन, गाडीला निरोप देणाऱ्या गृहस्थाजवळ सोमवारी कायद्याने दिलेली एक भारदस्त पदवी उरते आणि अडवून धरायला रिकामी पार्किंगची जागा उरते. धनादेश घ्यायला हरकत नाही. पैसे खात्यात येईपर्यंत गाडी दारात राहील, हे म्हणायला हरकत येते.

धनाकर्षात, म्हणजे डिमांड ड्राफ्टमध्ये, बँक आधीच पैसे कापून घेते, त्यामुळे खात्यात शिल्लक नाही म्हणून तो परत येत नाही, आणि जुन्या पिढीला तो सोन्यासारखा वाटतो. पण सोन्याप्रमाणे त्याचीही नक्कल होते. यावरचा उपाय म्हणजे तो काढताना खरेदीदाराबरोबर बँकेत जाणे, किंवा निदान तो जेथून निघाला त्या शाखेकडे, त्यावर छापलेल्या नव्हे तर स्वतः शोधलेल्या क्रमांकावर, चौकशी करणे.

आता बहुतेक व्यवहार मोबाइलवर होतात आणि तेथे आद्याक्षरांचे अरण्य लागते. एनईएफटी ही व्यवस्था अर्ध्या अर्ध्या तासाने गठ्ठ्यांनी पैसे पोचवते, दिवसाला असे ४८ गठ्ठे निघतात; आरटीजीएस किमान दोन लाखांपासून पुढे चालते, प्रत्येक रक्कम सुटी आणि तत्काळ पोचवते आणि एकदा पोचलेली रक्कम अंतिम मानते; आयएमपीएस पाच लाखांपर्यंत झटपट जाते; आणि भाजीवाल्यापासून भटजींपर्यंत सर्वांना परिचित असलेल्या यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला एक लाखाची आहे. डिसेंबर २०१९ मध्ये एनईएफटी आणि डिसेंबर २०२० मध्ये आरटीजीएस अहोरात्र सुरू झाली, आणि भिडस्त विक्रेत्याच्या हातातली शेवटची ढाल गेली. कारण तोवर "आज रविवार, बँक बंद, पैसे आले की गाडी न्या," असे दोष बँकेवर ढकलून म्हणता येत होते, आणि जुन्या गाड्या पाहण्याचा वार तर रविवारच असतो.

या मार्गाचाही एक विधी रूढ झाला आहे. प्रथम खरेदीदार एक रुपया पाठवतो, तो आल्याचे विक्रेता मान हलवून सांगतो, आणि क्षणभर असे दिसते की सव्वाचार लाखांपैकी चार लाख चोवीस हजार नऊशे नव्याण्णव एवढेच बाकी आहेत. मग उरलेली रक्कम पाठवताना असे निष्पन्न होते की नव्याने जोडलेल्या खात्यात पहिल्या दिवशी एवढी रक्कम पाठवायला खरेदीदाराची बँक परवानगी देत नाही, बऱ्याच बँकांचा असा नियम असतोच, आणि तो सगळ्यांना पार्किंगमध्येच आठवतो. यापुढचे प्रत्येक मिनिट विक्रेत्याच्या चारित्र्याची परीक्षा असते. खरेदीदार प्रामाणिक असतो, कुटुंबासह आलेला असतो, लहान मुलगी आधीच मागच्या आसनावर जाऊन बसलेली असते, आणि "उद्या सकाळी टाकतो ना काका" या वाक्यातला काका हा शब्द कोणत्याही तारणापेक्षा जड असतो. पुढे पितृपक्ष असेल तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण गाडी आज ठरवायची पण न्यायची घटस्थापनेला, आणि तोवर टोकन, म्हणजे ज्याला जमिनीच्या व्यवहारात विसार म्हणतात ती रक्कम, किती घ्यायची आणि सौदा मोडल्यास ती कोणाची, हे विचारणे अशुभ समजले जाते. हे कागदावर लिहून घेतले तर चार ओळी पुरतात.

पैसे आले हे कशावरून समजावे, या प्रश्नावर ज्ञानमीमांसेचा एक अख्खा अध्याय लिहिता येईल. खरेदीदाराच्या मोबाइलवरचा हिरवा गोल आणि त्यातली बरोबरची खूण हे पैसे पाठवणाऱ्याने स्वतःविषयी दिलेले प्रशस्तिपत्रक असून, अशी हुबेहूब पत्रके काढणारी नकली ॲप्स उपलब्ध आहेत. विक्रेत्याला आलेला संदेशही प्रमाण नव्हे, कारण बँकेचे संदेश अक्षरी नावाने येतात आणि दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून आलेली 'जमा' ही कोणाच्या तरी सवडीची रचना असते. प्रमाण एकच: स्वतःच्या मोबाइलवर, स्वतः उघडलेल्या बँकेच्या ॲपमध्ये दिसणारी खात्यातली शिल्लक, आणि तिच्यासमोरचा व्यवहार क्रमांक. येथे चष्मा लागतो, पासवर्ड आठवावा लागतो, तो आठवत नसल्यास पुण्यातल्या मुलाला फोन करावा लागतो, आणि तोवर खरेदीदाराकडे न बघता हसावे लागते.

खोटा खरेदीदार ओळखण्याची एक कसोटी मात्र या प्रांतात शतप्रतिशत देशी आहे. जो घासाघीस करत नाही तो खरा नव्हे. गाडी न पाहता सांगितलेली किंमत मान्य करणारा, आपण लष्करात असून सीमेवर नेमणूक असल्याचे सांगणारा आणि गाडी न्यायला ट्रक पाठवतो म्हणणारा मनुष्य हा फसवणुकीच्या शास्त्रातला सुपरिचित नमुना आहे. तो पैसे देण्यासाठी एक क्यूआर कोड पाठवतो आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगतो. पिन हा फक्त पैसे जाण्यासाठी लागतो, येण्यासाठी कधीही लागत नाही, एवढे एक वाक्य देवघरात चिकटवून ठेवण्याजोगे आहे. त्याच्याच भावकीतला दुसरा नमुना टोकनाचे साडेचार हजार पाठवतो असे सांगून पंचेचाळीस हजार जमा झाल्याचा खोटा संदेश धाडतो आणि चुकून एक शून्य जास्त पडले, तेवढे जरा परत करा, अशी गयावया करतो. न आलेल्या पैशातून उरलेले पैसे परत करणारे लोक मूर्ख नसतात. दुसऱ्याच्या चुकीचा फायदा घेऊ नये असे त्यांना लहानपणी शिकवलेले असते, आणि ते शिकवणे वाया गेले नाही याचा पहिला पुरावा त्यांच्या पासबुकात सापडतो. असा पुरावा सापडल्यास ज्या राष्ट्रीय मदतवाहिनीला तत्काळ फोन करावयाचा तिचा क्रमांक १९३० आहे. माल विक्री अधिनियमाचे सालही १९३०. विक्रीचा कायदा आणि ती बिघडल्यावरचा दूरध्वनी यांना एकच आकडा लाभावा, हा योगायोग ज्योतिषांच्या नजरेतून सुटलेला दिसतो.

पैसे खरे असूनही नको असण्याचा एक प्रकार अलीकडे आढळतो. रक्कम खरेदीदाराच्या खात्यातून न येता तिसऱ्याच कोणाच्या खात्यातून आली आणि ते पैसे एखाद्या सायबर फसवणुकीतून फिरत आलेले निघाले, तर तपासात विक्रेत्याचे खाते गोठवले जाऊ शकते. म्हणून ज्याच्या नावावर गाडी चढणार त्याच्याच खात्यातून पैसे यावेत हा नियम चांगला आहे, परंतु तो मराठी कुटुंबपद्धतीच्या मुळावर येतो. येथे गाडीचे दीड लाख वडिलांच्या खात्यातून, एक लाख मेहुण्याकडून, काही पतसंस्थेच्या कर्जातून आणि उरलेले बायकोच्या भिशीतून येतात, आणि मेहुण्याचे आधारकार्ड मागणे म्हणजे लग्नात जेवण झाल्यावर मानपानाचा हिशेब काढण्यासारखे आहे. तरीही ते मागावे; मेहुण्यांना अपमानाची सवय असते.

पैसे खात्यात दिसल्यावरच कागदांवर सही करावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे गाडी विकल्याची सूचना राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने चौदा दिवसांत द्यायची असते, ती नमुना २९ वर; आणि हस्तांतरणाचा अर्ज नमुना ३० वर. आरटीओभोवतीच्या टपऱ्यांवर या दोहोंचा उच्चार 'एकोणतीस-तीस' असा एका दमात होतो, आणि कोऱ्या एकोणतीस-तीसवर सह्या करून मोकळे होणे याला अनेक जण व्यवहारातला मनाचा मोठेपणा समजतात. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवरचा बोजा आधी उतरवावा लागतो, आणि अशा वेळी खरेदीदाराने तेवढी रक्कम थेट कर्ज देणाऱ्या बँकेत भरणे हेच दोघांच्या हिताचे असते.

गाडी विकली पण नाव बदलले नाही तर काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितले. त्या गाडीची विक्री एकामागून एक अनेक हातांत झाली होती, नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली होती, आणि अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्या पहिल्या, कागदोपत्री मालकावरच ठेवण्यात आली. म्हणून गाडी देताना लिहायच्या पावतीत तारखेबरोबर घड्याळातली वेळही लिहितात. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सिग्नल कोणी तोडला, याचे उत्तर पुढे ई-चलानला द्यावे लागते.

एवढे सगळे पार पडले म्हणजे विक्रेता डॅशबोर्डवरचा गणपती उचलतो, आरशाला अडकवलेली माळ सोडवतो, कप्प्यातली बडीशेपेची पुडी आणि २०१६ सालची पार्किंगची पावती काढतो, आणि किल्ली हातावर ठेवतो. पैसे खात्यात आहेत, सह्या झाल्या आहेत, पावतीवर वेळ पडली आहे. कलम ३२ चे चार हात अखेर रिकामे झालेले असतात. काचेला आतून चिकटवलेला, आणि अजून त्याच्याच खात्याशी जोडलेला, फास्टॅग तेवढा काढायचा राहतो. तो राहिल्याचे विक्रेत्याला त्याच रात्री पावणेबाराला कळते, जेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइल वाजतो आणि खालापूर नाक्यावर त्याच्या खात्यातून टोल वजा झाल्याचा, अक्षरी नावाने आलेला, अस्सल संदेश दिसतो. नव्या मालकाला फोन करून हे सांगावे असे त्याच्या मनात येते. पण रात्र झालेली असते, माणूस गाडी चालवत असणार, आणि एवढ्याशा पैशांसाठी कसे विचारायचे, म्हणून तो मोबाइल उशीखाली सरकवतो; तळेगावचा संदेश तेथेच वाजतो.